मोकळी जागा ऐकायची कशी

मॅडमनी कंपनीतली नोकरी सोडली आणि अंधांच्या शाळेत संगणक शिकवायला सुरुवात केली, तेव्हा घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. भाऊ बोलून मोकळा झाला, वहिनी न बोलता. आई असती तर तिने बाजू घेतली असती. पण आई जाऊन वर्ष झालं होतं आणि दोन खोल्यांत आता मॅडम एकट्याच होत्या. लग्न राहून गेलं होतं. हल्ली तो विषय नातेवाईकही काढत नसत, आणि तेच त्यांना जास्त लागायचं.

शाळेत नववीला प्रोग्रामिंग पहिल्यांदाच सुरू होणार होतं. भाषा कोणती ते तुम्हीच ठरवा, असं सांगून मुख्याध्यापकांनी अंग काढून घेतलं. त्यांच्या लेखी संगणकाच्या सगळ्या भाषा सारख्याच, म्हणजे सारख्याच अगम्य. ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं दुसरं कोणी शाळेत नव्हतं.

पहिलं नाव अर्थात पायथन. नवशिक्यांच्या हातात सगळीकडे तीच देतात. पण पायथनमध्ये कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात आहे, हे ओळीआधी सोडलेल्या मोकळ्या जागेवरून कळतं. डोळ्याला ते चटकन दिसतं. कानाला मोकळी जागा कशी ऐकू येणार?

सुट्टीत मॅडम रोज शाळेत येत. शिपाई कुलूप उघडून आपल्या कामाला जाई. मग स्क्रीन बंद करून, डोळे मिटून, संगणकाचा वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज त्या ऐकत बसत. "चार स्पेस, आठ स्पेस, चार स्पेस" करत तो पुढे पळे आणि चार-पाच ओळींत मॅडमचा धागा सुटे. वैतागून त्या डोळे उघडत; उघडता येतात याचीच मग लाज वाटे. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारा आवाज तेवढा एकच. संध्याकाळी दुकानात दूध मागताना स्वतःचा घसा परका वाटायचा.

शेवटी रुबी नावाची भाषा सापडली. तिच्यात ओळींचा एखादा गट संपला की 'एंड' असा शब्द लिहायचा, आणि तो स्पष्ट ऐकू येतो. मॅडमना हायसं वाटलं. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी भावाला फोन लावला. त्याने "छान, छान" म्हणत ऐकून घेतलं आणि वहिनीने जेवायला हाक मारल्यावर ठेवून दिला.

शाळा उघडली. पहिल्याच तासाला मॅडमनी आपला निर्णय सांगितला. वर्गात एक मुलगी होती. तोंडाला विसावा नाही म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. तिने हात वर केला.

"मॅडम, माझी धाकटी बहीण साध्या शाळेत जाते," ती म्हणाली. "ती पायथन शिकते."

"पायथन तुम्हाला जड जाईल, म्हणून तर हे केलं."

"जाऊ दे ना जड. आमची शाळा वेगळी, पुस्तकं वेगळी. आता भाषापण वेगळी शिकले, तर बहिणीशी बोलू काय? तुम्ही आम्हाला विचारायचं तरी."

सुट्टीभर डोळे मिटून मॅडम या मुलांच्या जागी बसल्या होत्या. पण त्यांच्यापैकी एकालाही फोन करून विचारावं, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. एकटीनेच ठरवायची सवय अंगात मुरली होती.

पायथनच ठरली, आणि सुरुवातीला जडच गेली. मग मुलांनी आकड्यांऐवजी सूर लावून घेतला: ओळ जितकी आत, तितका सूर वर. चुकलं की "बेसूर झालीस" म्हणत एकमेकांना चिडवू लागली. वाचणाऱ्या आवाजाचा वेग त्यांनी इतका वाढवला, की मॅडमना त्यातलं अवाक्षर कळेना. वर्ग कशाला हसतोय हे त्यांना विचारावं लागे, आणि कुणी सांगेपर्यंत हसू ओसरलेलं असे.

वर्षअखेरीस रेडिओने बहिणीच्या जोडीने शब्दांचा एक खेळ तयार केला. दोघी घरात त्यावरून भांडतात, हे तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मॅडमनी तिची पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी नवी मुलं आली. काही शिकवण्याआधी मॅडमनी दोन्ही भाषांबद्दल नीट सांगितलं आणि कोणती हवी ते विचारलं. मुलं बुजलेली होती. "तुम्ही सांगाल ती," एकजण हळूच म्हणाला. मॅडम टेबलाला टेकून तशाच उभ्या राहिल्या, आणखी कोणी काही बोलेल म्हणून.