नळीतला किडा आणि माझी सही

"मॅडम, तुमच्या सहीनं माझी नोकरी चाललीय," असं म्हणत कांबळेंनी माझ्या टेबलावर पाण्यानं भरलेली काचेची बरणी ठेवली.

कांबळे खाडीकाठच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. राहायला दिघ्याला. मी ऐरोलीतल्या एका वॉटर ट्रीटमेंट लॅबची केमिस्ट. त्यांच्या कंपनीत मशिनं थंड करायला खाडीचं पाणी शेकडो बारीक पाइपांतून फिरवतात. ते पाइप चोकअप झाले आणि प्लांट बंद पडला. आतून निघालेले पांढरे तुकडे पाकिटातून माझ्याकडे आले, धुऊन, वाळवून. मी त्यांच्यावर ॲसिडचे थेंब टाकले. फसफसून फेस आला. म्हणजे चुना. मी रिपोर्टवर 'स्केल' लिहिलं आणि सही ठोकली.

स्केल म्हणजे आपल्या गीझरमध्ये साचतो तो पांढरा थर. तो धरू नये म्हणून पाण्यात औषध सोडतात. ते काम कांबळेंचं. औषध चुकवलं म्हणून त्यांना नोटीस मिळाली होती.

"औषध मी एकदापन चुकवलं नाय," ते म्हणाले. "आनी मला सांगा, चुन्याला वास येतो का? पाइप उघडले तवा कुजलेल्या मासळीचा वास मारत होता. साहेबांना तवाच बोललो. कोन ऐकतंय?"

चुन्याला वास येत नाही. एसीत बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

बरणीत खाडीचं पाणी होतं आणि त्यात कंपनी जिथून पाणी खेचते तिथल्या जाळीचा तुकडा. त्याच्यावर शेवयांसारख्या वेड्यावाकड्या पांढऱ्या नळ्या. "हलवू नका, नुसतं बघा," कांबळे म्हणाले. दहाएक मिनिटांनी एका नळीतून तांबूस पिसांचा पंखा बाहेर आला. मी पेन्सिलीनं काचेवर टकटक केलं. पंखा गडप, आणि नळीच्या तोंडाला झाकण.

बी.एस्सी.ला झूलॉजी मी पास होण्यापुरतं केलं होतं. ते धडे पुन्हा उघडले. नळीत राहणारे हे समुद्री किडे गांडुळाचे भाऊबंद. अंग वळ्यावळ्यांचं, वळ्यांना केसांचे झुबके. डोक्यावरच्या पिसांनी ते खाणं गोळा करतात आणि श्वासही घेतात. त्यांची घराणी बरीच, मला दोनच वेगळी करायची होती. एक घराणं चिखल आणि स्वतःचा चिकट स्राव मिसळून मऊ नळी बांधतं. त्याला झाकण नसतं. दुसरं चुन्याची कडक नळी बांधतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं एक पीस जाड होऊन बूच बनतं. नळीच चुन्याची, मग ती ॲसिडमध्ये फसफसणारच. माझ्या टेस्टला स्केल आणि ही नळी सारखीच.

पण बरणीतला किडा जाळीवरचा होता. पाइपातल्या तुकड्यांचं काय? आमच्याकडे प्रत्येक सॅम्पलचा थोडा भाग जपून ठेवतात. तो काढला, फोडला, मायक्रोस्कोपखाली धरला. आतल्या किड्याच्या वाळलेल्या चोथ्यात केस सापडले. आणि दातेरी काठाचं एक इवलंसं नरसाळं. तेच झाकण.

"रिपोर्ट मागे घेतलास तर क्लायंट हातचा जाईल," माझे बॉस म्हणाले.

"जाऊ द्या, सर. पहिल्याच ओळीत 'चूक माझी' असं लिहिते. पण हा माणूस माझ्या सहीवर घरी बसणार नाही."

कांबळेंना आणि बरणीला घेऊन मी त्यांच्या प्लांट मॅनेजरसमोर उभी राहिले.

"मॅडम, किडा असो नाहीतर चुना, पाइप तर भरले ना? मॅटर क्लोज झालंय."

"साहेब, कांबळे सोडतात ते औषध स्केलचं. किड्याला ते लागूच पडत नाही. त्याची पिल्लं पाण्याबरोबर आत येऊन चिकटतात. त्यांना अडवायला क्लोरीन लागतो. तुमचा क्लोरीनचा पंप चालू आहे?"

मॅनेजर कांबळेंकडे बघू लागले.

"चार महिने बंद हाय, साहेब," कांबळे शांतपणे म्हणाले. "नव्या पंपाच्या कागदावर तुमची सही बाकी हाय."

त्याच आठवड्यात नोटीस मागे घेतली गेली. पंपही आला. क्लायंट मात्र गेला, बॉसचं म्हणणं खरं ठरलं.

मी कानाला खडा लावला. आता आमच्या सॅम्पलच्या फॉर्मवर एक जादा रकाना आहे: 'उघडताना वास कसा होता?' तो भरायचा तर पाइप उघडणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं.