निळ्या पाठीची शेळी

“पोरांना इचारू!”

कानामागची पेन्सिल काढत तात्या असं म्हणाले की समजावं, आपलं मत निकालात निघालं. बारामतीत माझा लहानसा छापखाना होता. तात्या दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत, आणि मुलांसाठी गोष्टी लिहून चित्रंही स्वतःच काढत. चहात साखर कमी आहे का म्हटलं, तरी दारातल्या पोराला बशी देऊन विचारायचे. असा एखादा तऱ्हेवाईक माणूस तुमच्याही गावात असेलच.

त्यांचं पहिलं पुस्तक माझ्याकडेच छापलं. एक हट्टी शेळी गावभर खोड्या करते आणि शेवटी रस्त्यानं डुलत डुलत निघून जाते, एवढीच गोष्ट. रंग दोनच परवडत होते, काळा आणि निळा. तात्यांनी हौसेनं शेळीच्या पाठीवर निळा पट्टा ओढला.

“देखणी दिसती का न्हाय?”

“फक्कड!” मी म्हटलं.

पहिला गठ्ठा घेऊन आम्ही अंथुर्ण्याच्या शाळेत गेलो. तात्या नवा सदरा घालून आले होते. तिसरीच्या वर्गात पुस्तकं वाटली आणि ते नकला करत वाचू लागले. पोरं खिदळत होती. शेवटचं पान आलं, शेळी डुलत डुलत निघाली. पुढं बसलेली एक मुलगी मुसमुसू लागली.

“काय झालं गं?”

“इकली व्हय हिला?”

तात्यांना काही कळेना. शेजारचा पोरगा म्हणाला, “बाजारात यापारी इकत घेतल्याल्या शेळीच्या पाठीवर असाच रंग वढतोय. मग ती घरी येत न्हाय.”

जन्मभर रंगात हात घातलेला माणूस, पण तोंड एवढंसं झालं. मला पुस्तकाची काळजी पडली होती, त्यांना शेळीची. आता काय करायचं? तात्यांचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

“घरी आणा तिला!” पोरं ओरडली.

“कुणाच्या?”

“आमच्या!” सगळा वर्ग.

तात्यांनी तिथंच मांडी ठोकली. पुस्तकाचं शेवटचं पान मागून कोरं होतं; तिथं ते एकेकाच्या पुस्तकात चित्र काढू लागले. प्रत्येकाला ते विचारत, “तुझ्या घराचं दार कसलं हाय?” कुणाचं पत्र्याचं, कुणाच्या दाराशी ट्रॅक्टर, कुणाच्या चौकटीवर बुद्धाची तसबीर. त्या त्या दारात शेळी उभी राहिली, पाठ स्वच्छ धुतलेली. आमची एसटी चुकली. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आलो, आणि तात्या वाटभर शेळीसारखे ओरडत होते.

पुढं तात्या गेले. छापखान्यात कुणी पेन्सिल मागितली तरी मला त्यांची आठवण यायची. ते पुस्तक पुन्हा छापावं असं फार वाटलं, म्हणून शेवटचं चित्र मागायला अंथुर्ण्याला गेलो. ती रडलेली मुलगी आता सातवीत होती. तिनं हौसेनं पान उघडून दाखवलं. शेळी पुढचे पाय पायरीवर ठेवून तिच्या घराचं दार ढकलत होती.

“चार दिवस देतेस का? छापून परत आणतो.”

तिनं पुस्तक मिटलं आणि पाठीमागं धरलं.

“न्हाय काका. ही आता घरातनं कुठं जायची न्हाय.”