सुभद्राचा कान

अकोल्याच्या डाबकी रोडवर सूर्यभानचं गिटारी बनवायचं छोटंसं दुकान आहे. आधी तो दारं-खिडक्या करायचा. संगीत शिकवणाऱ्या एका मास्तरानं मोडकी गिटार दुरुस्तीला आणून दिली आणि ती उघडून पाहता पाहता त्याला तिचं वेडच लागलं. हात त्याचा सोन्याचा. फळी वाकवावी, सांधा बसवावा तर त्यानंच. पण कोणतं लाकूड वाजेल आणि कोणतं नाही, हे त्याला कधी उमगलं नाही. ते उमगायचं त्याच्या बायकोला, सुभद्राला.

ती भातकुलीकडच्या माळ्याची लेक. लहानपणी बापासोबत बाजारात टरबुजं विकायला बसायची आणि टिचकी मारून आतलं सांगायची. तीच टिचकी ती गिटारीच्या फळीवर मारायची. तवा खाली उतरवून दुकानात यायची, फळी कानाशी धरायची, "हे मुकं हाय. हे बोलते," एवढं म्हणायची आणि परत चुलीकडे. सूर्यभाननं तिचा शब्द कधी डावलला नाही. कुणाला सांगितलाही नाही.

मग नागपूरचा अनुप नावाचा पोरगा व्हिडिओ काढायला आला. काका, लाकूड कसं ओळखता, असं त्यानं मोबाईल रोखून विचारलं. सूर्यभाननं एक फळी उचलली, टिचकी मारली आणि म्हणाला, "याले कान लागते. माहा कान तयार हाय."

सुभद्रा चहा घेऊन मागंच उभी होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली.

व्हिडिओ चालला. पुण्या-बंगळूरकडून लोक विचारू लागले. पण फळी दाखवायला हाक मारली, तर सुभद्रा आतूनच म्हणाली, "कान तुमचा तयार हाय ना. मले काय समजते?"

तेव्हाच आत जाऊन दोन शब्द बोलला असता तर मिटलं असतं. पण तो हसला, बाईमाणूस आहे, येईल चार दिवसांनी, म्हणाला. ती आली नाही. तो आपल्या अंदाजानं फळ्या निवडू लागला. गिटारी दिसायला देखण्या व्हायच्या. मात्र जुनं गिऱ्हाईक वाजवून बघायचं आणि परत ठेवून द्यायचं.

वर्षं गेली. हळूहळू सुभद्रा हाकेलाही ओ देईनाशी झाली. त्याला वाटलं, राग अजून धुमसतो आहे. मग त्यानंही हाका मारणं सोडलं. दिवाळीला लेक पौर्णिमा अमरावतीहून आली, तिच्या मात्र दोन दिवसांत लक्षात आलं. तिनं आईला डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कान जात आले होते.

त्या संध्याकाळी सूर्यभान दोन फळ्या घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तूच सांग. मले कदीच समजलं नाई."

सुभद्रानं टिचकी मारली. फळी कानाला लावली, मग दुसऱ्या कानाला. मग खाली ठेवली.

"बोटाले थोडकं थरथरल्यावानी लागते," ती म्हणाली. "आयकू नाई येत. पयले काहून नाई बोलले?"



आता दुकानात कुणी आलं, की सूर्यभान आपणहून सांगतो, चांगल्या गिटारी निघाल्या त्या हिच्या कानानं. काकांचा काकूंवर फार जीव आहे, असं म्हणत लोक हसतात. सुभद्रा तिथंच तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असते. लोक हसले, की तीही वर पाहून हसते.