पट तेवीस

राजेसाब चौथीत इतिहासात नापास झाला. पुढं गाव धरणात गेलं आणि त्याची शाळा सुटली ती सुटलीच. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तो उजनीच्या पाण्यावर होडी चालवतो आणि फोटोवाल्यांना इतिहास सांगतो. लोक माना डोलावतात.

खोटं बोलायची त्याला हौस नव्हती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाची एक दगडी कमान वर येते. मागं रोहित पक्षी, मधोमध उगवता सूर्य. पहिल्या फोटोवाल्यानं विचारलं, "हे काय आहे?" राजेसाबनं खरं ते सांगितलं, "शाळा हाय." त्या गृहस्थानं कॅमेऱ्याला झाकण लावलं. दुसऱ्याला राजेसाब म्हणाला, "राणीचा म्हाल." त्यानं दोनशे फोटो काढले. एवढ्यावरून दगडालाही अक्कल आली असती.

मग राणी वाढत गेली. पहिल्या वर्षी तिला चंपावती हे नाव मिळालं. दुसऱ्या वर्षी नवरा लढाईवर गेला. तिसऱ्या वर्षी तिनं भीमेत उडी घेतली. कमानीत एक गंजकी कडी होती, तिला राणीचा झोका टांगला गेला.

यंदा मे महिन्यात सोलापुरातून ज्ञानदा नावाची मुलगी आली. गळ्यात कॅमेरा, सोबत शहाऐंशीचे आजोबा. त्यांना म्हणे एकदा महाल पाहायचाच होता, पुढच्या उन्हाळ्याचा त्यांना भरवसा नव्हता. म्हातारा टोपी सारखी करून पुढच्या फळीवर बसला.

कमान जवळ आली तसा राजेसाबनं गळा साफ केला. "ही चंपावती राणी लई देखणी. त्या कडीला तिचा झोका..."

"सन?" म्हातारा म्हणाला.

"सोळाशे..."

"सोळाशे किती?"

राजेसाबचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. सन असा छडीसारखा विचारणारा माणूस त्याला जन्मात एकच भेटला होता.

"कमलाकर गुरुजी?"

"तुझा इतिहास तेव्हाही कच्चाच होता, राजेसाब. त्या कडीला शाळेची घंटा होती."

राजेसाबला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण खाली धरणी नव्हती, धरण होतं.

गुरुजी रागावले नाहीत, ते जास्त वाईट. "हिनं घरात कॅलेंडर लावलं," ते नातीकडे बोट करून म्हणाले. "मे महिन्यावर ही कमान. खाली राणीचं नाव. एकोणीस वर्षं शिकवलं रे मी इथं. फार लागलं मनाला."

मग त्यांनी डोळे मिटले आणि शेवटच्या वर्षाच्या चौथीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. वही नव्हती, लागलीही नाही.

"इंद्रजीत."

"करकंबला हाय, गुरुजी. उसाची शेती हाय."

"केरा."

"जेऊरला. नातवंडं सांबाळती."

"येडू."

"गेला, गुरुजी."

"कशानं?"

"काविळीनं."

"सयाजी."

"ठावं न्हाय."

"ठावं न्हाय? तुझ्या शेजारी बसायचा. तुझी पाटी पुसायचा."

राजेसाबनं मान खाली घातली. मेलेल्या राणीचा सगळा जन्म त्याला तोंडपाठ होता आणि सयाजी कुठं आहे ते माहीत नव्हतं. एकेक नाव येत गेलं. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी देवाघरी, बऱ्याच जणांना "ठावं न्हाय". शेवटी, उशिरा दाखल झालेला म्हणून तेविसावा,

"राजेसाब."

तो होडीतच उभा राहिला. "हजर, गुरुजी."

"बस खाली. होडी हलतेय."

ज्ञानदानं एवढ्या वेळात एकही फोटो काढला नव्हता. आता तिनं एकच काढला आणि विचारलं, "आजोबा, याच्याखाली काय लिहू?"

"फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहायचो तेच," गुरुजी म्हणाले. "पट तेवीस. हजर एक."

राजेसाबनं वल्हं उचललं. "दोन लिवा की, गुरुजी. तुमी बी हाय की हितं."

गुरुजी चष्मा काढून पुसत राहिले.

"शिक्षकाला पटात धरत नाहीत," ते म्हणाले.