खुरासणीचं वर्ष

आमच्या घरात पुस्तक उघडून शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस मी. पदवी घेतली तेव्हा खोडाळ्याच्या बाजारात बाने ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना थांबवून सांगितलं होतं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानाने एकदा बाची बंदूक घालवली.

ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावचा, तो पुढे बाच्या नावावर झाला. खाली भात आणि वर माळावर नागली, त्यामुळे कणसं भरू लागली की रानडुकरांचा कळप उतरायचा. बा शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर बसून हवेत बार काढायचा. जनावर त्याने क्वचितच मारलं असेल. आवाजानेच ती पांगायची.

परवान्याचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी. बाला अक्षर येत नाही, पण त्याचा एकही फेरा चुकला नाही, कारण त्याचा हिशेब माळावर होता. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी तेलाची खुरासणी. खुरासणी फुलून माळ पिवळा झाला, की बा परवान्याची वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, बंदूक खांद्याला अडकवायचा आणि मोखाड्याची जीप पकडायचा. जीपवाला दर वेळी म्हणायचा, "मामा, नळी बाहेर ठेवा, माझ्या छपराला भोक नको." कचेरीत कारकून अर्ज भरायचा, बा अंगठा द्यायचा.

मी तेव्हा ठाण्यात परदेशवाऱ्यांची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात लागलो होतो. एक साहेब आफ्रिकेला शिकारीला जाणार होते. तिथे कायदेशीर शिकारीची मोठाली खाजगी रानं असतात. त्यांची फाइल माझ्याकडे आली. पासपोर्टची मुदत, कोरी पानं, व्हिसा, तिथल्या मालकाचं निमंत्रण, रायफल इथून नेण्याची आणि परत आणण्याची परवानगी, तिथल्या पोलिसांचा तात्पुरता परवाना, विमान कंपनीचं संमतीपत्र. काडतुसं वेगळ्या पेटीत, रायफल वेगळ्या, आणि रायफलीवरचा नंबर प्रत्येक कागदावर तोच. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर साहेब विमानतळावरच अडकणार. मी तो नंबर बोट ठेवून वाचायचो. आजही पाठ आहे.

त्या दिवाळीला घरी गेलो. माळ पिवळा होता.

बा म्हणाला, "खुरासणी फुललीय. मोखाड्याला जाऊन येतो."

मी म्हणालो, "बा, कायदा बदललाय. आता परवाना पाच वर्षांचा असतो. अजून दोन वर्षं आहेत."

"कोण सांगतो?"

"मी सांगतो. मोठमोठ्या साहेबांच्या रायफलींचे कागद मीच करतो."

"नायतरी जाऊन इचारतो ना. इचारायला काय जातो?"

"तिथे बाकावर दिवसभर बसून कोणापुढे हात जोडायची गरज नाही आता. वही माझ्याकडे दे. यापुढे मी बघेन."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "द्या ना. शिकवला कशाला मग?"

बाने वही दिली. देताना पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली.

कायदा बदलला होता हे खरं. पण बाच्या वहीत शेवटचा शिक्का जुन्या नियमाने, तीन वर्षांचाच पडला होता. हे कळायला वही उघडायला हवी होती, आणि मी ती उघडली नाही. ठाण्यात गेल्यावर तशीच ऑफिसच्या कपाटात ठेवली, साहेबांच्या फाइलच्या खाली. खरं सांगायचं तर तिला धुराचा आणि तेलाचा वास होता, अंगठ्याचे निळे ठसे होते. ऑफिसातल्या लोकांसमोर ती टेबलावर काढायची मला लाज वाटली. डिसेंबरअखेर परवाना संपला.

पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात, निकालानंतर परत मिळतात. बा बंदूक देऊन पावती घेऊन आला. निकाल लागला, बाकीच्यांच्या बंदुका सुटल्या. बाचा फोन आला, "अरं, ते म्हणतात मुदत संपली. तू वही घेऊन ये, दाखव त्यांना पाच वर्षं."

गाठ सोडायला मला वेळ लागला. मुदतीची तारीख शेवटच्या शिक्क्यातच होती.

मग मी सगळं केलं. उशीर का झाला याचा खुलासा शुद्ध मराठीत दोन पानं लिहिला. पण आता अर्जाला डॉक्टरचा दाखला लागत होता. डॉक्टरांनी बाला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले आणि हात थरथरतो असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. वेळेत गेला असता तर कारकुनाने नेहमीसारखा अंगठा घेतला असता, असं बाला वाटतं. मलाही वाटतं. अर्ज नामंजूर झाला.

त्या पावसाळ्यानंतर बा डबा बडवत माळ्यावर बसला. डुकरांना डब्याची सवय झाली. नागली एका आठवड्यात आडवी झाली. पुढच्या वर्षी वरई त्याने पेरलीच नाही.

हिशेबाने या दिवाळीला माळावर खुरासणी हवी होती. तिथे गवत आहे. आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. साहेबांनी आफ्रिकेतून पाठवलेला जुना फोटो मी मोबाइलवर बाला दाखवला. साहेब गुडघ्यावर बसलेले, पुढे सुळेवालं रानडुक्कर पडलेलं. का दाखवला कोण जाणे.

बाने मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यो डुकर कोणाच्या शेतात शिरला होता?"

"कोणाच्याच नाही. तिथे शेत नसतं."

"मंग?"

मी बोटाने फोटो मोठा करून सुळे दाखवले. त्याने विचारलं, "त्याची बंदूक आली का परत?"

"आली."

"कागद तूच केलेस ना?"

"हो."

"बरा झाला," बा म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.