टर्बो आणि बाबांचा पाय

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पदवीही मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. शिकलो इंजिनं आणि नोकरी लागली अंधेरीला कॉम्प्युटरसमोर, त्यामुळे इंजिनाला हात लावायची वेळ कधी आली नाही. बाबा सातवी पास. त्यांनी तीस वर्षं टॅक्सी चालवली आणि इंजिनाला हात, कान, शिव्या, सगळंच लावलं.

तेव्हा घरात गाडी यायची ठरली, ती अर्थातच अभ्यासू माणसाच्या पसंतीने. एक लिटरचं छोटं पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन. माहितीपत्रकात ताकद मोठ्या इंजिनाची आणि अ‍ॅव्हरेज वीसचं. मी बाबांना चहा पिता पिता समजावलं, की यात पेट्रोल थेट सिलेंडरच्या आत फवारतात, अगदी मोजून. वाया जाणारा धूर एक पंखा फिरवतो आणि त्या जोरावर जास्तीची हवा आत कोंबली जाते. म्हणून इंजिन लहान, पण काम मोठं.

बाबांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे पोटभर जेवायचं आणि वजनपण उतरवायचं?"

"तसंच समजा."

"सिलेंडर किती?"

"तीन."

"चौथा काय दिवाळीला देणार?"

पुढे महिनाभर मी रोज दहिसर ते अंधेरी हायवेवर इंजिनिअर असल्याचं सिद्ध करत होतो. समोर दोन गाड्यांएवढी जागा दिसली की पाय दाबायचा. टर्बोची शिट्टी ऐकायची, गाडी उसळायची, आणि लगेच करकचून ब्रेक. कारण पुढे अख्खं बोरीवली उभं असायचं. एका संध्याकाळी बाबा पार्किंगमध्ये आले, चष्मा पुसला आणि स्क्रीनवरचा आकडा वाचला. साडेनऊ.

"वीस म्हणालेलास ना रे? हे अर्धं गिऱ्हाइकाला आणि अर्धं कंपनीला काय?"

"ट्रॅफिक असतं बाबा."

"मी काय तीस वर्षं रनवेवर टॅक्सी चालवली? पंधरा दाखव, मग बसतो तुझ्या गाडीत. तोवर रिक्षा बरी."

पेट्रोलचं मला फार काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की या माणसाने आयुष्यात एकदा तरी म्हणावं, पोरगा शिकला ते कामाला आलं.

मग मुलुंडच्या आत्याने रविवारी जेवायला बोलावलं. आई म्हणाली, "एका घरातून दोन वाहनं निघाली तर मी तिसऱ्याने जाईन." बाबा तयार झाले, पण प्रवासी म्हणून नाही, तपासणीसाठी. जाताना मी चालवायची, येताना त्यांनी. हिशोब टाकी फुल ते टाकी फुल. स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता. "ती कंपनीचीच माणूस."

दहिसरच्या पंपावर नोझल आपोआप थांबलं. बाबा खाली उतरले, टपाला दोन्ही हात लावले आणि माझी नवी कोरी गाडी गदागदा हलवू लागले. आतली हवा बाहेर पडते आणि अजून पेट्रोल मावतं, ही टॅक्सीवाल्यांची जुनी विद्या.

"बाबा, या गाड्यांत असं काठोकाठ भरायचं नसतं!"

"मोजायचं का नाय?"

पंपावरचा म्हातारा कर्मचारी तर हरखलाच. तो पलीकडून हलवायला लागला. आत बसलेली आई पाळण्यात असल्यासारखी झुलत होती. मागे हॉर्न वाजत होते. पदवीधराने तोंड फिरवून हवेच्या पंपाकडे बघितलं.

घोडबंदरच्या चढावर मी टर्बो दाखवून दिला. दोन ट्रक आणि एक बस मागे टाकली. बाबांनी खिडकीवरचं हँडल धरलं होतं. "जेवायलाच चाललोय ना रे? मला वाटलं, आग लागलीय."

मुलुंडच्या पंपावर गाडी थांबते न थांबते तोच बाबांचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं हे त्यांच्या लेखी पाप.

"अर्धा मिनिट थांबा! चढ दामटून आलोय, टर्बो तापलाय. लगेच बंद केलं तर आतलं ऑइल करपतं."

"उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं? हे शिकवलं कॉलेजात?" बटण दाबलं गेलं. पुन्हा गदागदा. साडेअकरा.

"ट्रॅफिक," मी म्हणालो.

"रविवारचं?"

येताना बाबा बसले. अ‍ॅक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय आणि ते घरी न्यायचंय, असा त्यांचा पाय. लांबवर सिग्नल लाल दिसला की पाय वर. ब्रेक जवळजवळ नाहीच. चढावर इंजिनाची कुरकुर ऐकून नेमका गियर. एका ट्रकने आम्हाला मागे टाकलं, जाताना मी मागे टाकलेला बहुतेक तोच असावा. टर्बोची शिट्टी एकदाही वाजली नाही. दहिसरच्या पंपावर त्याच म्हाताऱ्याने न सांगता गाडी हलवली. सतरा.

माहितीपत्रक खोटं नव्हतं तर. ताकद आणि बचत दोन्ही त्याच इंजिनात होत्या, फक्त एका पायाला एका वेळी एकच मिळत होती.

"इंजिन झकास आहे रे," बाबा म्हणाले. मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. ते आलं. "आता चालवणारा तेवढा शिकला पायजे."

सोसायटीत गाडी लागली. बाबांचं बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"किती म्हणालास? अर्धा मिनिट?"

"हो."

ते मांडीवर हात ठेवून बसले. इंजिन चालू. समोर भिंत. ओठ हलत होते, मोजत होते. आईने दार उघडलं. "उतरायचं नाही का?"

"थांब गो. टर्बो तापलाय."

त्यांच्या त्या चालवण्याने टर्बो तापणं सोडा, नीट जागाही झाला नव्हता. इंजिन कधीच बंद केलं असतं तरी चाललं असतं. हे मला माहीत होतं, कारण मी शिकलोय. तीस मोजून होईपर्यंत मी गप्प बसलो.