पुरस्काराआधीची आग

ती दुपार मी विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. आंबा मोहरावर होता, गावातली बहुतेक माणसं बागांत फवारणीला गेली होती. ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, गाणाऱ्या ताईंचं घर पेटलंय."

रत्नागिरीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. या हकिकतीत नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

गाणाऱ्या ताई म्हणजे बौद्धवाडीतल्या, साठी ओलांडलेल्या गायिका. जयंती असो, नामकरण असो, बोलावणं येईल तिथे त्यांची गायन पार्टी जायची. सासरहून हाकललेल्या, मारहाणीला कंटाळून निघून आलेल्या बायकांना ताई आपल्या घरात ठेवून घेत. आपल्या पायावर उभ्या राहीपर्यंत त्या बायका तिथे राहत. ज्यांची तयारी असे त्या कोरसमध्ये गात. हे काम ताई फारशी वाच्यता न करता करत होत्या, कारण मागावर येणारे नवरे आणि दीर त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

शहरातला एक न्यास दरवर्षी एका संगीत कलाकाराला पुरस्कार देतो. नुसती कला पुरत नाही, त्या कलेच्या जोरावर लोकांसाठी काही केलेलं असावं लागतं. त्या वर्षी निवड समितीने एकमताने ताईंना निवडलं होतं. समारंभ दोन दिवसांवर आला होता आणि ही आग लागली.

मी पोहोचलो तेव्हा पडवी गेली होती. तालमीची जागा तीच. पेटी, तबला, ढोलकी, सगळ्याचा कोळसा झालेला. जांभ्याच्या भिंती काळ्या पडल्या होत्या, पण मधलं घर वाचलं होतं. पार्टी एका कार्यक्रमाला गेली होती, ती नुकतीच परतली होती. ताई अंगणात उभ्या होत्या. रडत नव्हत्या.

"घरात कोण होतं?" मी विचारलं.

"कोण नाय, सायब. आमी सगळी कार्यक्रमाला गेलेलो."

पंचनामा करताना दोन गोष्टी दिसल्या. पडवीच्या कोपऱ्यातल्या राखेला पेट्रोलचा वास होता. आणि मधल्या दाराशी एक गोधडी पडली होती, अर्धी जळलेली, पाण्याने निथळणारी. दाराच्या चौकटीवर आतून पाणी मारल्याचे ओघळ होते. रिकाम्या घराने स्वतःला वाचवलं नव्हतं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी माझी नजर चुकवली नाही. पंचांसमोर मी तो विषय वाढवला नाही. गुन्हा दाखल केला, राखेचे नमुने सील करून प्रयोगशाळेकडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यासाचे सचिव ठाण्यात आले. शहरातलं मोठं प्रस्थ. पांढरे स्वच्छ कपडे, बोलणं मृदू.

"फार वाईट झालं. शॉर्ट सर्किटच असणार. जुनी घरं, जुनी वायरिंग. समारंभ आम्ही रद्द करावा म्हणतो. बाईंना या वयात आणखी ताण नको."

"पडवीत वीज नव्हती," मी म्हणालो. "लाइन कधीच तोडलेली आहे."

"मग चुलीची ठिणगी असेल."

"असेलही. तपासात कळेल."

त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. आग लागली की माणसं विचारतात, कशी लागली. हे गृहस्थ मला कारणं पुरवत होते. एवढ्यावर कुणाला आरोपी करता येत नाही, पण माझ्या डोक्यात त्यांची नोंद झाली.

खबर मिळाली ती बाजारातल्या एका सलूनवाल्याकडून. त्याने आमच्या हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं की सचिवांचा ड्रायव्हर काल संध्याकाळी मिशी काढायला आला होता. गावात मिशीसाठी ओळखला जाणारा माणूस. एका बाजूची मिशी करपलेली, भुवईही. विचारलं तर म्हणाला, गॅस पेटवताना भडका उडाला. "साहेब, त्याच्या डोक्याला पेट्रोलचा वास मारत होता," सलूनवाला म्हणाला. "माझं नाव येऊ देऊ नका." पेट्रोलची वाफ ओतणाऱ्याच्याच तोंडावर पेटते, हे नवशिक्या माणसाला ठाऊक नसतं.

ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. मी कधी कुणावर हात उचलला नाही, त्याची गरजही फार पडत नाही. माणसाला बसवावं, पाणी द्यावं आणि त्याला बोलू द्यावं. तो गॅसचीच गोष्ट सांगत राहिला. दर वेळी जरा अधिक पाठ केल्यासारखी.

शेवटी मी फाइल मिटली आणि म्हणालो, "गॅसचं राहू दे. त्या घरात माणूस होतं, हे तुला माहीत होतं का?"

माझ्याकडे पुरावा एका ओल्या गोधडीचाच होता. पण त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"नाही साहेब. आईशपथ नाही. घर रिकामं आहे असंच सांगितलं होतं मला."

"कुणी सांगितलं?"

 त्याने उलट विचारलं, "माणूस वाचलं का?"

"वाचलंय."

तेव्हा त्याने मालकाचं नाव घेतलं. बाईला घाबरवायचं, वाद्यं जाळायची, म्हणजे ती पुरस्काराला येणार नाही, एवढंच त्याला सांगितलं होतं. का, ते त्याला माहीत नव्हतं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांना घेऊन त्याच्याबरोबर गेलो. आरे-वारेच्या रस्त्याकडेच्या झुडपातून त्याने स्वतः पेट्रोलचा कॅन काढून दिला.

कारण शोधायला मी ताईंच्या घरी गेलो. बरोबर एक महिला हवालदार होती. ओट्यावर बसलो आणि सरळ सांगितलं, "ताई, आग लावणारा सापडलाय. लावायला सांगणारा कोण तेही कळलंय. पण घरात कोण होतं हे कळल्याशिवाय तो मोठा मासा निसटेल."

"ते मी नाय सांगणार, सायब. माझा शबुद गेलाय तिला."

आतल्या दारातून एक तरुण बाई बाहेर आली. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली.

"मी होते," ती म्हणाली. "सचिवांची सून."

सासरच्यांनी गावभर सांगितलं होतं की सून मुंबईला नोकरीला गेली. खरं तर नवऱ्याच्या मारहाणीतून ती पळून ताईंकडे आली होती. पुरस्काराची बातमी द्यायला निवड समिती घरी आली, त्यात सासरेही होते. त्यांनी तिला दारात पाहिलं. समारंभात ती ताईंबरोबर मंचावर दिसली असती तर मुंबईच्या नोकरीचं बिंग फुटलं असतं. समितीसमोर विरोध करायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"आधी पोलिसांकडे का गेला नाहीत?" महिला हवालदाराने विचारलं.

"गेले होते, माहेरच्या बाजूच्या एका चौकीत. त्यांनी मिटवून घ्या म्हणून परत पाठवलं. नवऱ्याला फोनही त्यांनीच केला."

 तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला.

मग फोन सुरू झाले. एका पुढाऱ्याचा आला, प्रतिष्ठित माणूस आहे, सबुरीने घ्या. वरून एक आला, समारंभ होऊन जाऊ दे, अटकेचं नंतर बघू. मी विचारलं, हे लेखी मिळेल का. लेखी कुणी देत नाही. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि सचिवांना त्यांच्या बंगल्यावर जाऊन, शेजारीपाजारी बघत असताना, अटक केली. गाडीत बसताना ते म्हणाले, "निवृत्तीला किती राहिलंय तुमच्या?" मी म्हणालो, "तुमचं दोषारोपपत्र दाखल करण्याइतकं आहे."

सून घरात आहे हे ठाऊक असून आग लावायला सांगितली का, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. खरं काय ते मला आजही कळलेलं नाही.

न्यासाचे अध्यक्ष भले गृहस्थ होते, पण हादरले होते. ते ताईंना म्हणाले, "पुरस्कार आम्ही घरी आणून देतो. जाहीर कार्यक्रम नको."

ताई म्हणाल्या, "मी मागायला आली नव्हती. तुमी दिलाव. आता चारचौघांत दिलाव तरच घेईन."

समारंभ ठरल्या दिवशीच झाला. शेजारच्या वाडीतल्या भजनी मंडळाने आपली पेटी आणि पखवाज आपणहून आणून दिला. वाडी-वाडीतलं अंतर ज्याला माहीत आहे, त्याला याची किंमत कळेल. सभागृहात जागा उरली नव्हती. मी गणवेशात दाराशी उभा होतो. ताई मंचावर आल्या आणि त्यांच्यामागे कोरसच्या बायका. त्यांच्यात सचिवांची सून, हातांची फडकी न लपवता. तिच्या सासरचे काही लोक दुसऱ्या रांगेत होते. तिने त्यांच्याकडे बघतच तोंड उघडलं. तिला फारसं गाता येत नव्हतं. सूर मध्येच सुटत होता. पण ती थांबली नाही, आणि ते लोकच गाणं संपायच्या आत उठून गेले.

खटला चालला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, साक्षीला गेलो. ताईंच्या उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी गोधडीचा मुद्दा काढला. "घरात कोणी नव्हतं असं तुम्ही पोलिसांना सांगितलंत. म्हणजे खोटं बोललात."

"हो, बोलले."

"मग आज खरं बोलताय हे कोर्टाने कसं मानायचं?"

"तेव्हा तिचा जीव राखायचा हुता. आज ती सोताच बोलायला उभी हाय. पुन्हा कोण पोर अशी दारात आली, तर पुन्हा खोटं बोलेन. लिवून घ्या."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. सचिव आणि ड्रायव्हर, दोघांनाही शिक्षा झाली.

पोलिसांशी खोटं बोलणाऱ्याला आम्ही आधी संशयितांत धरतो, प्रशिक्षणातच तसं शिकवतात. या प्रकरणानंतर मी नव्या अधिकाऱ्यांना वेगळं सांगू लागलो. समोरचा खोटं बोलतोय हे कळलं की त्याच्यावर ओरडण्याआधी बघा, तो स्वतःला वाचवतोय की दुसऱ्या कुणाला. आणि हेही विचारा, की खरं सांगितल्यावर आपल्या ठाण्यात काय झालं असतं. हा दुसरा प्रश्न पुष्कळांना आवडत नाही. न आवडो.

मागच्या वर्षी वेळणेश्वरला जाताना ताईंकडे डोकावलो. पडवी नवी बांधली आहे. फाटकावर आता ठळक अक्षरांत पाटी लागली आहे, घर सोडावं लागलेल्या बायकांना इथे आसरा मिळेल अशी. मी म्हणालो, "ताई, पूर्वी तुम्ही हे घर लपवून ठेवायचात. आता मागावर येणाऱ्यांची भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "पण आता लपायची पाळी त्यांची."